बॉनेटखालची वीतभर जागा आणि इंजिनाचा श्वास

एकेकाळी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर 2023 अखेर मुंबईच्या टॅक्सींमधून कायमची गेली. तिची इंजिनं मात्र अजून सापडतात. असंच एक 1089 सीसीचं इंजिन मी आणि माझ्या मित्राने भांडुपच्या एका गाळ्यात, नळ्या वेल्डिंग करून बनवलेल्या सांगाड्यात बसवलं. गाडीचा घाट ठेंगण्या, दोन माणसांच्या किट कारचा. 1957 मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या लोटस सेव्हनने हा घाट गाजवला. सुटे भाग विकत आणायचे आणि गाडी घरी जोडायची. तयार गाडीवरचा खरेदी कर अशा जोडणीत वाचायचा, हे त्या लोकप्रियतेमागचं एक रोकडं कारण होतं.

इंजिन बसलं, पण बॉनेट मिटेना. पद्मिनीच्या कार्बोरेटरचं, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचं, तोंड वरच्या बाजूला असतं आणि त्यावर हवा गाळणारा, पत्र्याचा भलामोठा फिल्टर बसतो. मूळ गाडीच्या उंच बॉनेटखाली तो सहज मावायचा. आम्ही तो काढला आणि ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या बाजारातून फोमचा एक चपटा, बशीएवढा फिल्टर आणला. बॉनेट मिटलं. गाडी सुरूही झाली, पण रेस वाढवली की पिकअप मरायचा. मिस्त्री म्हणाले, “जेट बदला.” आम्ही पेट्रोल मोजून सोडणारे हे बारीक भोकाचे तुकडे, म्हणजे जेट, दोन वेळा बदलले. फरक पडला नाही, कारण दोष जेटमध्ये नव्हताच.

आधी इंजिनाची भूक किती, ते पाहू. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांतून एकदा हवा ओढतो. मिनिटाला 5000 फेरे आणि सिलिंडर साधारण 80 टक्के भरतात असं धरलं, तर हे छोटं इंजिन मिनिटाला जवळपास 2200 लिटर हवा घेतं. शांत बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर घेतो. म्हणजे बॉनेटखाली तीनशे माणसं श्वास घेत असतात. पेट्रोल नीट जळायला त्याच्या वजनाच्या 14.7 पट हवा लागते. एक लिटर पेट्रोलमागे मुंबईच्या उबदार हवेत हे साडेनऊ हजार लिटरच्या आसपास जातं. तीन लिटर पेट्रोल जाळलं की दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीतली सगळी हवा संपली.

एवढी हवा सेकंदाला 36 लिटर या गतीने फिल्टरमधून जायची आहे. आमच्या फोमच्या बशीचा हवेला उघडा भाग जेमतेम 100 चौरस सेंटिमीटर. म्हणजे फोममधून हवा सेकंदाला साडेतीन मीटरहून जास्त वेगाने खेचली जाणार. त्याच उंचीत घड्यांचा कागदी फिल्टर बसवला, तर प्रत्येक घडी उलगडून मोजल्यावर कागद सहज 1200 चौरस सेंटिमीटर भरतो आणि वेग सेकंदाला 30 सेंटिमीटरवर येतो. हवा जितकी सावकाश, तितका अडथळा कमी. कागदाला घड्या घालण्याची ही युक्ती मला फार आवडते. साडीच्या निऱ्यांसारखी ती भरपूर पसारा मूठभर जागेत बसवते.

पण आमचा घोळ फोमच्या क्षेत्रफळापेक्षा वेगळ्या ठिकाणी होता. फिल्टरचं झाकण कार्बोरेटरच्या तोंडापासून फक्त सात मिलिमीटर वर होतं. तोंडाचा व्यास 40 मिमी धरा. त्याचं क्षेत्रफळ 1257 चौरस मिमी. हवा आत येते ती झाकण आणि तोंडाच्या कडेमधल्या गोल फटीतून, आणि त्या फटीचं क्षेत्रफळ म्हणजे परीघ गुणिले उंची, साधारण 880 चौरस मिमी. फिल्टर कितीही मोठा आणला असता, तरी तोंड तीस टक्के बंदच राहिलं असतं. फट व्यासाच्या एक चतुर्थांश झाली की दोन्ही क्षेत्रफळं बरोबर होतात. त्याखाली गेलात तर गळा दाबलाच. हवेला वळायलाही जागा लागते, म्हणून मी किमान अर्धा व्यास, जमल्यास पूर्ण व्यास सोडतो.

बॉनेटखाली नेमकी किती जागा आहे हे डोळ्यांनी कळत नाही. गणपतीनंतर घरात उरलेली शाडूची माती भिजवून तिचा गोळा प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा, कार्बोरेटरवर ठेवायचा आणि बॉनेट हलक्या हाताने मिटायचं. उघडल्यावर गोळ्याची जाडी मोजा. त्यातून पंधरा-वीस मिमी वजा करा, कारण इंजिन रबरी माउंटिंगवर असतं आणि रेस केली की हलतं.

कार्बोरेटर पेट्रोल मोजतो तो दाबातल्या फरकावर. नळीच्या निमुळत्या भागात हवा वेग घेते आणि तिथला दाब घटतो. शेजारच्या वाटीतल्या पेट्रोलवर मात्र हवेचा दाब असतो, आणि या फरकाने पेट्रोल जेटमधून वर येतं. या वाटीला श्वास घ्यायला एक छोटी वाट असते. ती फिल्टरच्या आत उघडत असेल, तर फिल्टर तुंबला तरी दोन्हीकडचा दाब सारखाच घटतो आणि मिश्रण फारसं बिघडत नाही. फक्त ताकद कमी होते. ही वाट बाहेर उघडत असेल, तर तुंबलेला फिल्टर जास्तीचं पेट्रोल ओढायला लावतो. काळा धूर, घसरलेला अॅव्हरेज, ओले प्लग, सगळं तिथून. नवा फिल्टर घेताना त्याच्या तळपत्रीत ही भोकं आहेत का, हे आधी पाहा. ब्रिटिश एसयू कार्बोरेटरवर गॅस्केट, म्हणजे सांध्यातली चकती, उलटं लावून आतल्या पिस्टनखाली हवा पोचवणारी भोकं बुजवण्याची चूक जुनीच आहे. मग तो पिस्टन नीट वर उचलला जात नाही.

अडचणीच्या बॉनेटखालची दुसरी पीडा उष्णतेची. बाहेर 35 अंश, पण एक्झॉस्टशेजारी 65 अंशांची हवा ओढली, तर ती सुमारे नऊ टक्के विरळ असते. तितका ऑक्सिजन कमी, आणि मिश्रणही चार-पाच टक्क्यांनी गडद, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. सायन-पनवेल रस्त्यावर गाडी उभी राहिली की हे हमखास जाणवतं.

धूळ तर आहेच. बांधकामाच्या धुळीत क्वार्ट्झ असतं आणि ते सिलिंडरच्या ओतीव लोखंडाहून कठीण. साधारण 5 ते 20 मायक्रॉनचे कण पिस्टनच्या रिंगांजवळच्या तेलाच्या थरात शिरून घासतात. नुसत्या तारेच्या जाळीचे चकचकीत फिल्टर हे कण अडवत नाहीत. ते घेऊ नका. तेलातला फोम कण चांगले चिकटवून ठेवतो, पण तो धुवून, पिळून पुन्हा तेल लावायला हवा, आणि कार्बोरेटरमधून उलट उडणाऱ्या पेट्रोलने तो झिजतो. कागदाला पाऊस सोसत नाही. तरी मला कागदच पटतो, जर तो कोरडा ठेवता आला तर.

तो तसा ठेवायला आम्ही फिल्टर कार्बोरेटरवरून उचललाच. तोंडावर उथळ पत्र्याची टोपी, तिच्यापासून तोंडाहून रुंद, गुळगुळीत वाकलेली नळी, आणि साध्या मोटारीचा कागदी फिल्टर डॅशबोर्डच्या भिंतीजवळ, उंचावर. वाटीचा श्वास टोपीच्या आत. पुढून वारा भरायचा मोह आम्ही टाळला: ताशी 60 किलोमीटरला मिळणारा जास्तीचा दाब वातावरणाच्या सहाशेव्या भागाएवढाही नसतो, आणि हिंदमातासारख्या तुंबलेल्या पाण्यात खाली बसवलेलं तोंड पाणी ओढतं. सिलिंडरमध्ये पाणी दाबलं जात नाही; पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो.

हे खरंच चाललंय का, हे तपासायला गवंड्याची लेव्हल पाइप पुरते. पारदर्शक नळी यू आकारात उभी बांधा, थोडं पाणी भरा, एक टोक फिल्टर आणि कार्बोरेटरच्या मधल्या नळीत जोडा, दुसरं उघडं ठेवा. रेस वाढवा. दोन बाजूंच्या पाण्यात 10 सेंटिमीटरचा फरक आला, तर वातावरणाचा एक टक्का दाब फिल्टर आणि नळीत गेला. नवीन फिल्टरचा आकडा पत्र्यावर खडूने लिहून ठेवलाय. तेवढ्याच रेसला तो दुप्पट दिसला की कागद बदलतो.