बोटांची कंपन-संवेदना तपासणी

बोटाला किती बारीक थरथर कळते हे मोजायची ही टेस्ट. वाटते किरकोळ, पण नस खराब होतेय हे लवकर पकडायला कामाची, कारण काही जणांना सुरुवातीला मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही, काहीच जाणवत नाही, आणि शर्टाचं बटण लावताना बोटं चाचपडायला लागली की मग डॉक्टर आठवतो.

थरथर पकडतात त्वचेतले पॅसिनियन कॉर्पसल्स, म्हणजे नसांच्या टोकाचे बारीक संवेदक, कांद्यासारखे पापुद्र्यावर पापुद्रे असलेले, आणि २५० हर्ट्झच्या (सेकंदाला २५० कंपनं) आसपास ते सगळ्यात तल्लख असतात. ३० हर्ट्झच्या जवळपासची हळू फडफड मात्र माइस्नर कॉर्पसल्स या दुसऱ्या प्रकारच्या संवेदकांचं खातं. म्हणून एकाच फ्रिक्वेन्सीवर तपासून भागत नाही.

दवाखान्यातली जुनी पद्धत म्हणजे १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे आपटला की थरथरणारा धातूचा दोन दातांचा काटा. तळहाताच्या कडेवर आपटायचा, दांडीचं टोक बोटाच्या शेवटच्या सांध्यावर टेकवायचं, पेशंटचे डोळे बंद, "थरथर थांबली की सांगा". त्याने थांबली म्हटलं आणि आपल्या बोटाला अजून कळतेय, तर काहीतरी गडबड आहे. मध्येच एकदा न वाजवलेला फोर्क टेकवून बघावा, बरेच जण सवयीने "हो हो" म्हणत असतात! फोर्क स्वस्त आणि झटपट आहे, पण अगदी सुरुवातीचा बिघाड त्यातून निसटू शकतो.

मशिनवर बोट एका छोट्या दांडीवर ठेवायचं, कंपन हळूहळू वाढतं, कळलं की बटण दाबायचं, मग कमी होतं, कळेनासं झालं की सोडायचं. असं वरखाली करत थ्रेशोल्ड, म्हणजे जेमतेम कळणारं कमीत कमी कंपन, निघतो. यासाठी आयएसओ १३०९१ हे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे. बोट गार असेल किंवा जोरात दाबलं तर आकडा चुकतो, आणि वयाप्रमाणे थ्रेशोल्ड तसाही वाढतोच, त्यामुळे तुलना त्याच वयाच्या लोकांशी.

सगळ्यात जास्त उपयोग काँक्रीट फोडायचा ब्रेकर, ग्राइंडर, चेनसॉ चालवणाऱ्यांना, कारण हत्यारांच्या सततच्या थरथरीने बोटांच्या नसा बिघडतात. कामगारांच्या आजारांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टर अ‍ॅलिस हॅमिल्टननी १९१८ मध्ये अमेरिकेत इंडियानातल्या चुनखडीच्या खाणकामगारांची बोटं पांढरी पडतात, बधिर होतात हे नोंदवलं होतं, तिथेही कारण हवेवर चालणारी हत्यारंच. तर्जनी बिघडली आणि करंगळी ठीक असेल तर मनगटातली मीडियन नस दबल्याचा संशय घ्यावा. बी-१२ ची कमतरता, केमोची काही औषधं यातही थ्रेशोल्ड चढतो. डायबेटिसमध्ये मात्र बहुतेक वेळा आधी पाय जातात, तेव्हा बोटं नॉर्मल आली म्हणून पायाची तपासणी सोडू नये. आणि ही टेस्ट फक्त नसांमधल्या जाड तंतूंची, आग होणं किंवा गरम-गार न कळणं हा बारीक तंतूंचा मामला, तो इथे दिसतच नाही.