जॉनडॅरियनची लोकरशेड आणि कातरकऱ्यांचा लढा

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड प्रांतात टूवूम्बाच्या पश्चिमेला डार्लिंग डाउन्सचा काळ्या मातीचा सुपीक पट्टा आहे. ही कुरणं मुळात आदिवासींची. १८४०च्या दशकात गोऱ्या पशुपालकांनी ती बळकावली आणि तिथे मेंढ्यांचे प्रचंड कळप सोडले. त्यातल्याच जॉनडॅरियन या वसाहतीवर १८५९-६०च्या सुमारास लोकर कातरण्यासाठी लांबलचक लाकडी शेड बांधली गेली. पन्नासहून जास्त कातरकरी तिथे एका वेळी कामाला उभे राहत.

काम अंगमोड करणारं होतं. मेंढी कोंडीतून ओढून आणायची, दोन्ही गुडघ्यांत धरायची आणि कमरेत वाकून हातकातरीने तिची लोकर सलग उतरवायची. कातडीला कातर लागली की हाक जायची आणि डांबराचं भांडं घेतलेला पोऱ्या धावत येऊन जखमेवर डांबर लावायचा. मजुरी दर शेकडा मेंढ्यांवर ठरलेली. शेडवरच्या साहेबाला काम पसंत पडलं नाही, तर मेंढीवर लाल खूण व्हायची आणि तिचे पैसे बुडायचे. संघटना उभी राहण्यामागे असे जाच होते. १८८६ मध्ये मालकांनी शेकड्याचा दर २० शिलिंगवरून साडेसतरावर आणायचं ठरवलं, तेव्हा व्हिक्टोरियातल्या बॅलरॅटला कातरकऱ्यांची युनियन निघाली. पुढच्याच वर्षी क्वीन्सलंडमध्येही निघाली. मात्र या चळवळीने चिनी मजुरांना दूर ठेवलं, त्यांना कामावर घेऊच नये अशी मागणीही केली. तिचं मोठेपण सांगताना हा डाग लपवू नये.

जॉनडॅरियनच्या मालकांनी युनियनबाहेरचे कातरकरी लावून लोकर उतरवली. १८९० मध्ये ती लोकर ब्रिस्बेन बंदरात पोचली आणि गोदी कामगारांनी ती ‘जमना’ जहाजावर चढवायला साफ नकार दिला. ज्यांनी आयुष्यात कधी मेंढी कातरली नव्हती, ते शंभरेक मैलांवरच्या कातरकऱ्यांसाठी अडून बसले! मे महिन्यात मालक नमले. या इमारतीच्या इतिहासात मला हाच प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो.

पण मालकही गप्प बसले नाहीत. एकजूट करून त्यांनी १८९१च्या हंगामात युनियनच्या अटी धुडकावल्या. संप पेटला, क्वीन्सलंडमधल्या बारकल्डिन गावाला संपकऱ्यांच्या छावण्या पडल्या, सरकारने सैन्य धाडलं. संप मोडला आणि पुढाऱ्यांना ब्रिस्बेनजवळच्या सेंट हेलेना बेटावरच्या तुरुंगात तीन वर्षं सक्तमजुरी झाली. या पराभवानंतर चळवळीने मतपेटीवर जोर दिला. डिसेंबर १८९९ मध्ये क्वीन्सलंडमध्ये अँडरसन डॉसन यांचं सरकार आलं, ते जगातलं पहिलं मजूर पक्षाचं सरकार. टिकलं जेमतेम आठवडाभर.

शेडमध्ये पुढे यंत्रं आली, हातकातरी मागे पडली. १९७०च्या दशकात स्थानिक लोकांनी पुढाकार घेऊन ही शेड वारसास्थळ म्हणून जपायला सुरुवात केली.