बांबू झाड की गवत? ग्रामसभेच्या हक्कामागची जुनी भानगड

गडचिरोलीतल्या ग्रामसभा स्वतः बांबू विकतात, पैसे ग्रामसभेच्या खात्यात येतात, ह्याचं आता फारसं कुणाला नवल वाटत नाही. पण हे सुखासुखी मिळालेलं नाहीये आणि सगळं अडलं होतं ते एका शब्दावर.

आधीचं थोडक्यात. इंग्रजांनी जंगल सरकारजमा केलं, गावाला उरला तो निस्तार, म्हणजे घरापुरतं सरपण, कुडाला बांबू, गुरांना चराई. तीही सवलत, हक्क नाही. १९९६ ला पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, आला, त्यात गौण वनउपजाची, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालाची, मालकी ग्रामसभेला दिली पण गौण वनउपजात काय काय येतं ते लिहिलंच नाही, आणि आपल्या राज्याचे पेसाचे नियम यायला २०१४ उजाडलं. १८ वर्षं गेली यात!

खरी गाठ इथे आहे. १९२७ च्या वन कायद्यात 'झाड' या शब्दाच्या व्याख्येतच बांबू घातलेला, आणि झाड म्हटलं की तोडलेला माल इमारती लाकडात जमा, म्हणजे वनखात्याचा. शाळेतलं पोरगंही सांगेल बांबू हे गवत आहे म्हणून. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनउपजात नाव घेऊन टाकला, आणि कलम ४ मध्ये सरळ म्हटलंय की इतर कायद्यात काहीही असलं तरी हे हक्क मान्य आहेत. माझ्या मते वाद तिथेच संपायला हवा होता.

संपला नाही. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंडांचं गाव, 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्यांचीच. २००९ ला त्यांना अठराशे हेक्टरच्या वर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, कागद हातात आला, पण बांबू विकायला काढला तर टीपी मिळेना. टीपी म्हणजे वाहतूक परवाना, तो नसला की गाडी नाक्यावर अडकते आणि माल जप्त होतो, मग जंगल तुमचं असून उपयोग काय? शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रातले पर्यावरण मंत्री गावात आले आणि टीपीचं पुस्तकच ग्रामसभेच्या हातात दिलं. एवढंसं पुस्तक, पण त्यावर सही आता गावाची. माझ्यासाठी पेसाच्या तारखेपेक्षा ही तारीख मोठी आहे.

नंतर बाकीच्या गावांनीही तेच मागायला सुरुवात केली, तेंदूपत्त्याचे, म्हणजे विडीच्या पानांचे, लिलावसुद्धा ग्रामसभा घ्यायला लागल्या.

२०१७ ला वन कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून बांबू काढला तेव्हा बऱ्याच जणांनी बांबू मोकळा झाला असं लिहिलं, ते अर्धंच खरं आहे. मोकळा झाला तो शेतातला, बांधावरचा, म्हणजे जंगलाबाहेरचा. जंगलातला बांबू आता कायद्यात झाड नसला तरी त्याला १९२७ चा वन कायदा अजून लागू आहेच.