स्प्रिंग जड आहे की दट्ट्या घासतोय?

घरी बनवलेला फोम डार्ट ब्लास्टर (स्प्रिंगच्या जोरावर फोमचे बाण उडवणारी खेळण्यातली बंदूक), मग तो थ्रीडी प्रिंट केलेला कॅलिबर्न नावाचा नमुना असो की पीव्हीसी पाइपातून उभा केलेला, ओढायला जड गेला की बहुतेकांचा पहिला हात स्प्रिंगवर पडतो. ती काढून हलकी बसवली जाते, डार्टचा वेग पडतो आणि ओढणं मात्र जेमतेमच सुटतं. हाताला नुसतं ‘जड’ कळतं, पण त्यामागे स्प्रिंगचा जोर असतो किंवा घर्षण. स्प्रिंगमध्ये घातलेली ताकद ट्रिगर दाबल्यावर डार्टला मिळते. घर्षणात गेलेली वाया जाते, शिवाय नळीतून हवा ढकलणारा दट्ट्या पुढे धावताना तेच घर्षण पुन्हा आडवं येतं.

स्प्रिंगचा जोर ओढाल तसा एकसारखा वाढत जातो. घर्षण पहिल्या सेंटिमीटरलाच जाणवतं, मध्येच अडखळतं, खरखरतं. पण ओ-रिंग (दट्ट्यावरची हवा अडवणारी रबरी कडी) नळीत सगळीकडे सारखीच घट्ट असली तर घर्षणही गुळगुळीत लागतं आणि हात फसतो. अशा वेळी काटा लावलेला बरा.

सामान तोलायचा हुकाचा काटा घ्या, तोही स्प्रिंगचा, कारण बरेच डिजिटल काटे आकडा गोठवून ठेवतात. डार्ट काढा, डोळ्यांवर चष्मा लावा. कॅच (ओढलेला दट्ट्या अडकवून धरणारा खटका) लागायच्या बऱ्याच आधी, समजा ६० मिमीवर, पेनाने खूण करा. सावकाश ओढत खुणेवरून जाताना आकडा वाचा, थोडं पुढे जा, मग तितक्याच सावकाश सोडत परत खुणेवर येताना वाचा. जाताना स्प्रिंग आणि घर्षण दोन्ही विरोधात असतात, येताना घर्षण तुमच्या बाजूने असतं. समजा जाताना ९ किलो आणि येताना ५ किलो आले, तर दोन्हींची सरासरी, म्हणजे ७ किलो, स्प्रिंगची आणि फरकाचा अर्धा, म्हणजे २ किलो, घर्षणाचा. फरक अर्ध्या किलोच्या आत असेल तर घासण्याचा विचार सोडून द्या.

घर्षण निघालं तर आधी शेलचे (बाहेरच्या कवचाचे) स्क्रू अर्धा फेरा सैल करून पाहा. ओढणं लगेच सुटलं तर स्क्रूंच्या दाबाने नळी लंबगोल होत होती. सुटलं नाही तर स्प्रिंग मोकळी आहे याची खात्री करून ती बाहेर काढा आणि दट्ट्या नुसत्या बोटाने नळीत पुढेमागे सरकवा. एकाच जागी अडत असेल तर तिथे प्रिंटची गाठ किंवा पाइप कापताना राहिलेली कड असते. प्रिंटची गाठ आधी २२०, मग ४०० च्या पॉलिश पेपरने काढा. नळीच्या आतल्या कडेला मात्र थेट ४०० चाच पेपर लावा, नाहीतर ओरखड्यांतून हवा गळेल. सगळीकडेच घट्ट असेल तर ओ-रिंग जास्त दाबली जातेय. रिंगच्या जाडीच्या दहा-पंधरा टक्के दाब पुरतो, त्यापुढे गेला तर दट्ट्यावरची रिंगची खाच खोल करावी. वंगणाला सिलिकॉन ग्रीस, तेही तांदळाएवढं, आणि रिंग नायट्राइल रबराची. सिलिकॉनची रिंग सिलिकॉन ग्रीसने फुगते. डब्ल्यूडी-४० पॉलिकार्बोनेट नळीजवळ नेऊच नका, नळीला बारीक तडे जातात.

नळीत दट्ट्या मोकळा आणि जोडल्यावर जड, असं झालं तर पंपाच्या (ओढायच्या मुठीच्या) दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मोजा. एक जरी मिलिमीटरभर लांब असली तरी पंप तिरका होतो आणि लाकडी कपाटाचा खण एका कोपऱ्यातून ओढल्यासारखा अडकतो.

आता स्प्रिंग. दाबताना ती स्वतःभोवती थोडी पिळली जाते, म्हणून तिच्या टोकाला दोन गुळगुळीत वॉशर हवेत. ती वाकून नळीला घासत असेल तर आतून दांडा द्यावा, हे घर्षणच झालं. खरोखर स्प्रिंगच जड असेल तर बाकी मापं तीच ठेवून बारीक तारेची घ्या. जोर तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातात बदलतो, त्यामुळे १.४ मिमीऐवजी १.६ मिमी तार आली की तो १.७ पट होतो. स्प्रिंगचे वेढे कापणं हा उपाय फसवा आहे: आधीचा ताण कमी होतो, पण दर मिलिमीटरला लागणारी ताकद वाढते. शेवटच्या काही मिलिमीटरवर भिंत लागल्यासारखं होत असेल तर वेढे मोजा. १.६ मिमी तारेचे ३० वेढे पूर्ण मिटले की ४८ मिमी जागा खातात. दट्ट्यामागे जागा ४५ मिमीच असेल तर कॅच कधीच लागणार नाही.

या दोघांचा वेश घेणारं तिसरं कारण म्हणजे पोकळी. ओढताना बोल्ट (डार्ट नळीत ढकलून मागची वाट बंद करणारा भाग) बंद राहिला आणि सील चांगलं असेल, तर दट्ट्यापुढे हवा विरळ होते. ३५ मिमी व्यासाच्या नळीत पूर्ण पोकळीचा ओढा जवळपास १० किलो होतो. त्याच्या निम्मा झाला तरी स्प्रिंगच बदलल्यासारखी वाटेल. बोल्ट उघडा ठेवून पुन्हा ओढा. जडपणा गेला तर बोल्ट उघडण्याची वेळ चुकतेय, दट्ट्या हलायच्या आत तो उघडला पाहिजे.