ठसका गेला, निकोटिन राहिलं

लहानपणी आज्जीला डबा द्यायला निपाणीच्या वखारीकडं जायचो, तेव्हा गल्लीच्या वळणावरच ठसका लागायचा. आत बायका तोंडाला पदर बांधून तंबाखू चाळत बसलेल्या असायच्या. पत्र्याच्या भोकातून आलेल्या उन्हाच्या तिरपीत तंबाखूचा खकाणा तरंगताना दिसायचा. नाक चुरचुरायचं, डोळ्यांतून पाणी यायचं. आज्जी डबा हातात घ्यायची आणि म्हणायची, "जा पळ भाईर, हितं थांबू नगंस." मी पळत सुटायचो.

हे सगळं मागच्या वर्षी नववीच्या वर्गात आठवलं. एका मुलाच्या कंपासपेटीत बोटाएवढी निळी नळी सापडली. "पेनड्राइव्ह हाय सर," तो म्हणाला. टोपण काढलं तर पिकलेल्या आंब्याचा वास आला. ती ई-सिगारेट होती, मुलांच्या भाषेत व्हेप. चौघांनी मिळून ओढली होती. मधल्या सुट्टीत त्यांना एकेकटं बोलावून मी एकच प्रश्न विचारला, "ओढल्यावर ठसका लागला का रे?" चौघांचं उत्तर एकच होतं. "न्हाई सर. गार गार वाटलं."

विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला त्या रात्री झोप लागू नये, असं हे उत्तर आहे. तंबाखू पिकवणाऱ्या गावातली पोरं तंबाखूतलं मुख्य विष छातीत ओढून घेतात आणि त्यांना ठसकासुद्धा लागत नाही. हे कसं झालं ते समजून घ्यायला सुरुवात तंबाखूच्या फडातूनच करावी लागते.

आपल्या निपाणी-चिकोडी भागातल्या शेतकऱ्याला शेंडा का खुडायचा हे शिकवावं लागत नाही. शेंडा खुडला की पान जाड होतं, तंबाखूला कडकपणा येतो. आत काय घडतं? तंबाखू मिरची, वांगी, टोमॅटोच्या कुळातली. अळीनं आपल्याला खाऊ नये म्हणून तिनं निकोटिन हे विष तयार करायची विद्या कमावली. शेंडा तुटला की झाडाला वाटतं, कुणीतरी आपल्याला खातंय. जॅस्मोनेट नावाच्या रसायनाचा निरोप मुळांपर्यंत पोचतो आणि मुळं जोरात निकोटिन बनवू लागतात. होय, निकोटिन पानात सापडत असलं तरी बनतं मुळात. पाण्याबरोबर ते वर चढतं आणि पानात साठतं. शास्त्रज्ञांनी टोमॅटोचा शेंडा तंबाखूच्या मुळांवर कलम करून पाहिला, तेव्हा टोमॅटोच्या पानांत निकोटिन आलं. तंबाखूचा शेंडा टोमॅटोच्या मुळांवर लावला, तर पानांत ते जवळजवळ आलंच नाही. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण इतका सरळ पुरावा जीवशास्त्रात क्वचित मिळतो.

हे विष कातडीतूनही शिरतं. दवानं ओल्या झालेल्या तंबाखूत दिवसभर राबलं की गरगरतं, मळमळतं, ओकारी होते. ते नुसतं ऊन लागणं नसतं, ती निकोटिनची बाधा असते.

आता चुन्याकडं येऊ. तळहातावर तंबाखू घेऊन तिला चुना का चोळतात? निकोटिनचा रेणू दोन रूपांत राहतो. आम्ल आसपास असलं की तो हायड्रोजनचा एक कण पकडतो, त्याला विद्युतभार येतो आणि तो शरीराच्या पडद्यांतून सहज आरपार जाऊ शकत नाही. चुन्यासारखा अल्कधर्मी पदार्थ मिळाला की तो कण सुटतो आणि निकोटिन मोकळं होतं. मोकळं निकोटिन गालाच्या आतल्या पातळ कातडीतून भराभर रक्तात उतरतं. 'चुना लावल्याशिवाय तंबाखू लागत नाही' असं म्हणतात, ते रसायनशास्त्राला धरूनच आहे. पण या मोकळ्या निकोटिनचा एक गुण असा की धुरातून किंवा वाफेतून ते घशाला झोंबतं. नवख्या पोरानं पहिली बिडी ओढली की तो खोकून लाल होतो, त्यात या झोंबण्याचा मोठा वाटा असतो. कित्येक पोरं पहिल्या झुरक्यालाच थांबतात.

चिनी औषधशास्त्रज्ञ होन लिक यांनी 2003 च्या सुमारास आजच्या पद्धतीची ई-सिगारेट बनवली. त्यांचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगानं गेले आणि ते स्वतःही धूम्रपान करायचे. सुरुवातीच्या यंत्रांत हेच मोकळं निकोटिन असे. त्यामुळं मात्रा वाढवली की घसा जळे आणि ओढणारा आपोआप हात आखडता घेई. खरा बदल 2015 मध्ये झाला. अमेरिकेत बाजारात आलेल्या जूल या ई-सिगारेटच्या द्रवात बेंझोइक आम्ल मिसळलेलं होतं. हे आम्ल सॉस आणि सरबतं टिकवायलाही वापरतात. चुना जे करतो त्याच्या नेमकं उलट आम्ल करतं. निकोटिन त्याच्याशी जोडी करून क्षाररूपात जातं आणि घशाला झोंबायचं थांबतं. पण फुप्फुसाचा पसारा अवाढव्य आहे आणि रक्त किंचित अल्कधर्मी. तिथं पोचल्यावर ही जोडी सुटते, निकोटिन पुन्हा मोकळं होतं आणि 10 ते 20 सेकंदांत मेंदूत पोचतं.

घसा गप्प बसला की मात्रा हवी तेवढी वाढवता येते. जूलच्या द्रवात एका मिलिलिटरला सुमारे 59 मिलिग्रॅम निकोटिन होतं. युरोपीय संघानं 20 मिलिग्रॅमची मर्यादा घातलेली आहे, त्यावरून अंदाज यावा. वरून मेंथॉल. मेंथॉल गारवा जाणवून देणाऱ्या चेतातंतूंना चेतवतं, म्हणून खरंखुरं काही थंड न होताच गार वाटतं आणि उरलीसुरली जळजळही झाकली जाते. माझ्या चार पोरांचं 'गार गार' ते हेच.

ती नळी मी नंतर काळजीपूर्वक उघडली. (घरी कुणी उघडू नये, आतली लिथियम बॅटरी चेपली गेली तर पेट घेते.) बॅटरी, हवेचा ओढा ओळखणारा बारीक संवेदक, करंगळीच्या नखाएवढं तारेचं वेटोळं आणि त्याला चिकटलेला कापसाचा बोळा. तारेजवळचा कापूस करपून तपकिरी झाला होता. ओढलं की तार तापते, प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचा द्रव उकळतो आणि अतिसूक्ष्म थेंबांचं धुकं होतं. ती चुलीवरच्या पातेल्याची वाफ नव्हे. द्रव जास्त तापला की त्याचे रेणू तुटून फॉर्माल्डिहाइड आणि अॅक्रोलिन ही विषारी रसायनं तयार होतात. तारेतलं निकेल, क्रोमियम थोडं थोडं धुक्यात येतं. लोण्याच्या चवीसाठी काही द्रवांत डायअॅसिटिल आढळलं आहे. तेच हुंगून पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या कामगारांची फुप्फुसं कायमची बिघडली होती. आणि द्रवात कोण काय मिसळेल याचा भरवसा नाही. अमेरिकेत 2019 साली व्हेप ओढणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या आजाराची साथच उसळली. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 जणांना इस्पितळात दाखल करावं लागलं किंवा मृत्यू आला. त्यातले मृत्यू 68. आजारी पडलेल्यांपैकी बहुतेकांनी गांजाचा अर्क घातलेला द्रव ओढला होता आणि तो दाट करायला मिसळलेलं ई जीवनसत्त्वाचं अॅसिटेट मुख्य कारण निघालं.

पण पोरांच्या बाबतीत मला याहून मोठी भीती निकोटिनचीच वाटते. मोह आवरणारा, पुढचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. बक्षीस मिळाल्यासारखा आनंद देणारा भाग मात्र आधीच जोरात असतो. निकोटिन त्या आनंदाच्या भागात डोपामिन नावाचं रसायन सोडायला लावतं. वारंवार मिळालं की निकोटिन पकडणाऱ्या जागा मेंदूत वाढतात आणि त्या रिकाम्या राहिल्या की चिडचिड, अस्वस्थता, अभ्यासात लक्ष न लागणं सुरू होतं. बिडीला निदान शेवट असतो, ती जळून संपते. व्हेप खिशात असते, केव्हाही एक झुरका घेता येतो, धूर नाही, हाताला वास नाही. किती ओढलं याचा हिशोब ओढणाऱ्यालाच राहत नाही.

मुद्द्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. व्हेपमध्ये काही जळत नाही, म्हणून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड नाही. वर्षानुवर्षं सिगारेट ओढणाऱ्या माणसानं ती पूर्ण सोडून व्हेप घेतली तर त्याची हानी कमी होते. ब्रिटनमध्ये डॉक्टर यासाठी तिची मदत घेतात आणि तसा भक्कम पुरावा आहे. पण त्याच ब्रिटनला पोरांच्या हातात गेलेल्या, वापरून फेकायच्या व्हेपवर 1 जून 2025 पासून बंदी घालावी लागली. आणि चौदा वर्षांच्या मुलासाठी तुलना सिगारेटशी करायचीच नसते. त्याची तुलना स्वच्छ हवेशी.

आपल्याकडं कर्नाटकानं 2016 मध्येच ई-सिगारेटच्या विक्रीला बंदी केली. 18 सप्टेंबर 2019 रोजी केंद्राचा वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात, साठा सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नुसता साठा सापडला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा कायदा कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्याच्या अलीकडं आणि पलीकडं सारखाच आहे. सीमाभागात हे महत्त्वाचं, कारण नाक्याच्या दोन बाजूंना दोन नियम असले की माल कुठून कुठं वाहतो हे गुटख्याच्या बंदीपासून आपण पाहत आलोय.

तंबाखूबाबत मात्र दोन नियम आहेतच. 2003 च्या केंद्रीय कायद्यानं 18 वर्षांखालच्यांना तंबाखू विकायला बंदी आहे. कर्नाटकानं आपल्या दुरुस्तीनं, जिला मे 2025 मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, ही मर्यादा 21 केली. पलीकडं महाराष्ट्रातल्या कागलात अजून 18 आहे. 21 का, असं मला पालक विचारतात. कारण साधं आहे. पोरांना पुडी दुकानदार देतो त्यापेक्षा जास्त वेळा मित्र देतो. बारावीच्या वर्गात अठरा पूर्ण झालेला एखादा असतोच, तो घेतो आणि धाकट्यांत वाटतो. एकवीस वर्षांचा मुलगा त्या वर्गात नसतो. अमेरिकेनं 2019 च्या डिसेंबरात देशभर 21 केलं, त्यामागचा हिशोब हाच होता.

व्हेपचा कायदा वाचताना एक गोष्ट मुख्याध्यापकांनी ध्यानात ठेवावी असं मला मनापासून वाटतं. त्यात शिक्षा आहे ती बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला, साठवणाऱ्याला. ओढणाऱ्या पोराला नाही. एका शाळेत असं पोरगं सापडलं तर दाखला हातात देऊन मोकळे झाले. ते पोरगं मग कुठं गेलं असेल? विकणाऱ्याच्याच दारात. त्यापेक्षा त्याला विचारावं, कुणाकडून आणलंस. माझ्या पोरांनी सांगितलं, टपरीवर नाही, मोबाइलवरून मागवलं. शाळेपासून शंभर यार्डांवर मारलेली पिवळी रेघ तंबाखूच्या टपरीला अडवते, मोबाइलला नाही. त्यासाठी 2023 मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं ऑनलाइन तक्रारीची सोय केली आहे, आम्ही तिथं तक्रार टाकली. ज्या पोराला सोडवत नव्हतं त्याच्याबरोबर बसून तंबाखूमुक्तीच्या 1800-112-356 या मोफत क्रमांकावर फोन लावला. पहिले तीन-चार दिवस तो फार चिडायचा. नंतर निवळला.

मग पालकसभा घेतली. निम्म्या आया वखारीतून थेट आलेल्या, केसांत तंबाखूची बारीक पूड तशीच. बॅटरी काढलेली ती नळी मी हातोहात फिरवली. एका मावशींनी ती नाकाशी धरली, बोटांत चोळून पाहिली आणि मला विचारलं, "सर, ह्यात तंबाखूतलंच हाय म्हंता, मग ठसका कसा लागंना?"

मी खडू हातात घेतला, लिटमस कागदाची डबी उघडली आणि विचारलं, "चुन्याची डबी हाय का कुणाकडं?"

क्षणभर कुणी हललं नाही. मग पदराआडून, पिशव्यांतून पाच-सहा डब्या पुढं आल्या.