बाथरूम नवं करताना: पाण्याची वाट आणि हवेची वाट

फ्लॅटचं बाथरूम नवं करायचं ठरलं की घरची मंडळी आधी टाइल्सच्या दुकानात जातात. आमची विनंती आहे, त्याआधी एकदा आम्हा प्लंबरांना घर दाखवा. लादीखालची लाइन चुकली तर सगळं परत फोडावं लागतं, आणि तोवर खालच्यांच्या छताला ओल आलेली असते.

"कमोड समोरच्या भिंतीला घेऊ या," असं बऱ्याच घरी सुचवलं जातं. कमोडची लाइन ११० मिलिमीटरची. तिला आम्ही ४० ला १ ढाळ देतो, म्हणजे मीटरला अडीच सेंटिमीटर. कमोड ३ मीटर लांब नेला तर साडेसात सेंटिमीटर ढाळातच जातात. शिवाय पाइपाची जाडी, कोबा, टाइल. संकन स्लॅबमध्ये, म्हणजे बाथरूमखालच्या खोलगट स्लॅबमध्ये, एवढी खोली आहे का, ते मोजल्यावरच कळतं. नसेल तर आम्ही स्पष्ट नाही म्हणतो. ढाळ कमी ठेवून काम उरकलं तर लाइन पुन्हा पुन्हा तुंबते.

आता हवेचं. तेलाचा डबा एकाच बाजूला फोडला तर तेल गचके खात येतं. म्हणून आपण दुसरं भोक पाडतो. ड्रेनेजचंही तसंच आहे. नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या भांड्यात, सुमारे ५० मिलिमीटर पाणी कायम साचलेलं असतं. गटाराचा वास आणि झुरळं तेच पाणी अडवतं. वरच्या मजल्यावर फ्लश झाला की खाली धावणारं पाणी मागची हवा ओढतं. व्हेंट पाइपातून, म्हणजे लाइनला हवा देणाऱ्या गच्चीपर्यंतच्या पाइपातून, हवा मिळाली नाही, तर ते तुमच्या ट्रॅपमधलं पाणी खेचून घेतं. मोरीतून गुडगुड आवाज येतो तो याचाच.

एका घरी नव्या बाथरूमच्या जाळीवर ओलं फडकं आणि त्यावर भरलेली बादली ठेवलेली आम्ही पाहिली. वास थांबत नव्हता. डक्टमध्ये, म्हणजे इमारतीचे उभे पाइप जातात त्या पोकळीत, पाहिलं तर मोठ्या पाइपाशेजारचा बारीक पाइप आधीच्या कारागिराने 'बिनकामाचा' म्हणून कापून बंद केला होता. तो व्हेंट होता! परत जोडल्यावर बादलीची गरज उरली नाही. गच्चीवरचं व्हेंटचं तोंडही कृपया बुजवू नका. डास येत असतील तर जाळीचा काऊल, म्हणजे टोपी, बसवा.

बंद खोलीचं बाथरूम बरेच दिवस वापरात नसेल तर ट्रॅपमधलं पाणी उडून जातं. अशा वेळी दोन तांबे पाणी ओतलं की पुरतं.

ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन ठेवणार असाल तर आधीच सांगा. तिथला पाइप अनेकदा पावसाच्या पाण्याचा असतो, त्यात साबणाचं पाणी सोडायचं नाही. वळणावरचे दाराचे बेंड (तुंबलेलं काढायला उघडतं झाकण असलेले) फॉल्स सीलिंगमध्ये गाडायलाही आम्ही तयार होत नाही. तिथे उघडता येईल अशी झडप ठेवतो.

भराव टाकण्याआधी लाइनचं तोंड बंद करून आम्ही ती पाण्याने भरून तपासतो. वॉटरप्रूफिंगनंतर ४८ तास पाणी साठवून ठेवतो आणि खालच्या घरी जाऊन छत पाहतो. त्यासाठी खालच्यांना आधी कल्पना देऊन ठेवा. उघड्या पाइपांचे फोटो मोजायची टेप लावून काढून देतो, ते जपून ठेवा: पुढे भिंतीला ड्रिल मारताना लागतील.

मोजमापाला येऊ तेव्हा डक्टची आणि गच्चीची किल्ली सोसायटीकडून मागवून ठेवा.