ऑनलाइन पाळत (बेळगाव सीमाभाग)

मोबाईल आणि इंटरनेटवर माणसे काय बोलतात, काय पाहतात, कुठे फिरतात याची सरकारी यंत्रणांनी वा खासगी कंपन्यांनी ठेवलेली नोंद आणि तिची छाननी. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात या विषयाला जास्त धार आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासूनचा सीमाप्रश्न सुटलेला नाही, महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि १ नोव्हेंबरला एका गल्लीत कर्नाटकचा राज्योत्सव तर दुसरीत मराठी भाषकांचा काळा दिन असतो. अशा ठिकाणी साधे स्टेटसही राजकीय ठरते.

पाळत म्हटली की लोकांना फोन टॅपिंग आठवते. कायद्याने मात्र तीच वाट सर्वांत अवघड करून ठेवली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घालून दिलेल्या अटी, माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९ आणि २००९ चे नियम यांनुसार संभाषण किंवा मजकूर चोरून पाहायचा तर राज्याच्या गृहसचिवांचा लेखी आदेश लागतो. तो ६० दिवस चालतो, वाढवत नेला तरी १८० दिवसांपलीकडे जात नाही. मुख्य सचिवांची समिती असे आदेश तपासते. ज्याच्यावर पाळत आहे त्याला मात्र नंतरही कळवण्याची तरतूद नाही, त्यामुळे त्याने दाद मागायची ती कशाच्या आधारावर, हा प्रश्न उरतोच.

कॉल डिटेल्सचे तसे नाही. कोणी कोणाला, कधी, किती वेळ फोन केला आणि त्या वेळी फोन कोणत्या टॉवरवर होता, हे कंपन्यांना किमान दोन वर्षे जपावे लागते. ते मिळवायला गृहसचिव लागत नाहीत, पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याचे पत्र पुरते. टॉवर घर सांगत नाही, परिसर सांगतो. पण मोर्चाला कोण कोण होते याचा अंदाज बांधायला तेवढे खूप झाले. हद्दीपलीकडच्या, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल, चंदगडच्या सोयऱ्यांशी रोज बोलणाऱ्याची नोंद राज्याच्या हद्दीपाशी थांबत नाही.

उघड्यावर असलेले वाचायला तर कोणाचीच परवानगी नको. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्हीकडच्या वाहनांवर दगडफेक झाली. त्यानंतर १४ डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बोलावले. बड्या नेत्यांच्या नावाच्या बनावट ट्विटर खात्यांनी आगीत तेल ओतले, असे त्या बैठकीनंतर सांगण्यात आले आणि अशा प्रकरणांत गुन्हे नोंदवण्याचे ठरले. व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर वाटेत वाचता येत नाही हे खरे. पण ग्रुपमधलाच कोणी स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवतो, तिथे कूटलेखन (मजकूर सांकेतिक करून पाठवणे) काय करणार! म्हणून वातावरण तापले की सावध अ‍ॅडमिन ‘फक्त अ‍ॅडमिन’ची कडी लावून मोकळे होतात. सदस्याच्या पोस्टला, संगनमत नसेल तर, अ‍ॅडमिन जबाबदार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले. बेळगाव मात्र कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाखाली येते, तिथे हा निकाल बंधनकारक नाही.

कंपन्यांची पाळत याहून दाट आणि बिनबोभाट असते. फोनची भाषा मराठी, लोकेशन कर्नाटक, लाइक केलेली पाने कोल्हापूरची: पुण्यात अशा माहितीवर फार तर जाहिरात ठरेल, बेळगावच्या टिळकवाडीत तिच्यावरून माणसाचा राजकीय कलही ताडता येतो. भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपची मालक कंपनी मेटा हिला २१३ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो व्हॉट्सअ‍ॅपच्या २०२१ च्या गोपनीयता धोरणावरून.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला, आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. सरकारी यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार त्यात केंद्राने स्वतःकडे राखला आहे, ही त्याची मोठी पळवाट. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. ग्राहकाची संमती आणि त्याची कोणती माहिती कशासाठी घेतली जाते याची त्याला द्यायची सूचना यांविषयीची कलमे त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. ही सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत मागता येईल, म्हणजे मराठीतही. सरकारी कागद मराठीतून मिळावेत ही सीमाभागाची जुनी मागणी. कंपन्यांपुरती तरी ती या कायद्यात बसते.